जुने प्रताधिकारमुक्त नकाशे आरपीजीसाठी कसे वापरता? (सोलापूर भागातले असतील तर उत्तम)

वीसफासा
नमस्कार मंडळी,
सोलापुरात आमचा टेबलटॉप रोल-प्लेइंगचा (आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन फासे टाकत खेळायची गोष्ट) एक छोटा कंपू आहे. रविवारी दुपारी जुळे सोलापुरात एकाच्या घरी बसतो. आजवर तयार साहसंच खेळलो. बर्फ, पाइनची झाडं, दगडी सराया. एप्रिलमध्ये बेचाळीस डिग्रीत बसून "तुमची बोटं थंडीने बधिर झाली आहेत" असं सांगताना डीएमलाच (खेळ चालवणाऱ्याला), म्हणजे मलाच, हसू येतं.

पुढची मोहीम (अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट) इकडच्याच भूमीवर घ्यायची ठरवलीय आणि नकाशा शून्यातून काढायचा नाही. प्रताधिकार संपलेले जुने नकाशे इंटरनेटवर ढिगाने आहेत. माझं स्पष्ट मत असं की मनाने काढलेल्या नकाशापेक्षा सर्व्हेअरने पायपीट करून काढलेला नकाशा खेळाला कधीही सरस. नदी इथेच का वळली, बाजार त्याच गावात का, याला खरं कारण असतं, आणि खेळाडू नेमके हेच विचारतात.

तर कुठल्या मापाचे नकाशे घेता? काय ठेवता, काय पुसता? छापता कुठे? आणि ही मोहीम उद्या पीडीएफ करून शे-दोनशे रुपयांना विकायची म्हटली तर कायद्याने चालतं का?

होटगी_लोकल
वाखुसा (वाचनखूण साठवली). लय भारी विषय काढलास बे.

नकाशेबाज
पहिलं माप ठरवा, नकाशा नंतर शोधा. लोक उलटं करतात. सुंदर नकाशा दिसला की उतरवून घेतात आणि मग त्यात खेळ कोंबत बसतात.

हिशेब सांगतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंचाला एक मैल मापाच्या पत्रकात, म्हणजे १:६३,३६० मध्ये, पंधरा मिनिटं अक्षांश आणि पंधरा मिनिटं रेखांश मावतात. सोलापूर शहर ४७ ओ/१४ या पत्रकात येतं. आपल्याकडे हा चौकोन साधारण १७ मैल उंच आणि साडेसोळा मैल रुंद. रानावनातल्या भटकंतीला नकाशावर षटकोनी जाळी टाकतात आणि बहुतेक जण सहा मैलांचा षटकोन धरतात. मग अख्ख्या पत्रकात षटकोन किती बसले? नऊ. दोन दिवसांत मोहीम संपली.

त्यामुळे भटकंतीला पाव इंची पत्रक घ्या, एक इंचाला चार मैल. त्यात पूर्ण एक अंश बाय एक अंश येतो, सहा मैलांचे जवळपास दीडशे षटकोन होतात. वर्षभराचा खेळ. एक इंची पत्रक बाजूला ठेवा, खेळाडू एखाद्या षटकोनात मुक्काम करून शोधाशोध करू लागले की ते उघडायचं. दीडशे षटकोनांपैकी ज्यांत खेळाडू पाय ठेवतील तेवढेच भरा, बाकीचे रिकामे राहिले तर बिघडत नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीच्या, म्हणजे डी अँड डीच्या, पाचव्या आवृत्तीत साध्या चालीने दिवसाला २४ मैल धरतात. सोलापूर-नळदुर्ग साधारण २८ मैल, म्हणजे एक मुक्काम वाटेत. तो मुक्काम कुठे पडतो ते पाहा, तुमचं पहिलं साहस तिथेच आहे.

पुणेरी_पाटी
सोलापूरचा नकाशा म्हणजे सपाट कागदावर चार रेघा. डोंगर नाही, जंगल नाही. सह्याद्रीचा घ्या की. (हलके घ्या.)

होटगी_लोकल
@पुणेरी_पाटी डोंगर नाय म्हणून तर मजा हाय. लपायलाच जागा नाय. तुमच्याकडं झाडामागं लपतात, आमच्याकडं पळावं लागतं.

माणदेशी
होटगी_लोकल गमतीत बोलले, पण मुद्दा खरा आहे. आणि एक इंची नकाशात विहिरी दाखवलेल्या असतात. बांधीव विहिरी, तळी, कोरडे ओढे. आमच्या टेबलावर अन्नपाण्याचा हिशेब कुणी ठेवत नसे, कंटाळवाणा वाटायचा. इकडचा नकाशा आल्यापासून सगळे पखालीतलं पाणी मोजतात. पुढच्या षटकोनात विहीर आहे की नाही आणि ती कुणाच्या ताब्यात आहे, यावर अख्खी दुपार जाते. ड्रॅगन लागतच नाही.

कोर्टाची_पायरी
कायद्याबद्दल. घरी टेबलावर खेळायला काहीही वापरा, कोण बघतंय. विकायचं असेल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

एक, मूळ नकाशा. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार नकाशा ही कलाकृती. व्यक्तीने काढलेला असेल तर तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सरकारी असेल तर प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १८८४ चं सोलापूरचं गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) केव्हाच मोकळं. पीडीएफ परदेशी संकेतस्थळावर विकणार असाल तर तिथलंही पाहा. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कामांना ९५ वर्षं धरतात.

दोन, स्कॅन. इथे लोक फसतात. नकाशा मोकळा असतो पण ज्या संग्रहातून उतरवला त्यांच्या अटी वेगळ्या असतात. डेव्हिड रम्सी संग्रहाची स्कॅनं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अव्यावसायिक परवान्याखाली आहेत, म्हणजे विक्रीला नाही. याउलट ब्रिटिश लायब्ररीने २०१३ मध्ये फ्लिकरवर जुन्या पुस्तकांतली दहा लाखांवर चित्रं टाकली ती वापरायला मोकळी आहेत, त्यात नकाशेही भरपूर. अमेरिकेतल्या एका न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटलंय की सपाट जुन्या चित्राच्या हुबेहूब प्रतीला नवा प्रताधिकार मिळत नाही, पण तो निकाल तिकडचा. त्यावर इकडे धंदा उभारू नका. सोपा मार्ग म्हणजे नकाशावरून स्वतः नव्याने रेखाटा. नद्या आणि गावांच्या जागा ही माहिती, ती कुणाची नसते.

तीन, देशाची सीमा. भारताच्या बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळता छापणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. काल्पनिक राज्य दाखवायचं म्हणून अख्ख्या देशाचा आकार घेऊन त्यावर खेळ करू नका. एक-दोन जिल्ह्यांपुरतं राहिलात तर हा प्रश्नच येत नाही.

वीसफासा
@कोर्टाची_पायरी खूप आभार काका. नव्याने रेखाटायचंच बघतो.
@नकाशेबाज नऊ षटकोन वाचून दचकलो. मी एक इंचीच धरून बसलो होतो.

तळ्याकाठचा
गॅझेटिअरची स्कॅनं शोधताय तर एक सावधगिरी. जुन्या पुस्तकांतले घडीचे नकाशे स्कॅन करणाऱ्याने बऱ्याचदा उलगडलेलेच नसतात. पीडीएफमध्ये घडी घातलेल्या कागदाचा कोपरा तेवढा दिसतो आणि आपण तासभर पानं उलटत बसतो. एकाच खंडाच्या दोन-तीन ग्रंथालयांतल्या प्रती तपासा, एखाद्यात नकाशा उघडलेला सापडतो. आणि पीडीएफवर समाधान मानू नका, मूळ चित्राची फाइल उतरवता येत असेल तर तीच घ्या. पीडीएफ दाबताना बारीक अक्षरं आधी मरतात.

जुन्या पत्रकांवर डोंगर समोच्च रेषांनी नव्हे तर बारीक काड्यांनी दाखवलेले असतात. छापल्यावर सगळं काळं होतं. गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग काढा, लेव्हल्स ओढून कागदाचा पिवळेपणा उडवा, मग तो थर मल्टिप्लायवर ठेवून खाली आपले रंग भरा. षटकोनी जाळी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मापात बनते, हाताने काढू नका.

सोलापूरच्या नकाशाचं साल ओळखायची युक्ती: रेल्वे आहे का बघा, ती १८६० मध्ये इथे आली. एकरुखचा तलाव १८७१ मध्ये पुरा झाला. रेल्वे आहे, तलाव नाही, तर मधलाच काळ. मोहिमेचा काळ ठरवायलाही हेच उपयोगी पडतं. रेल्वे असेल तर घोडदौडीची सगळी गणितं कोसळतात.

जकार्डवाला
आमच्या घरात दोन पिढ्या चादरीचं डिझाइन करायलेत. जुन्या ग्राफ पेपरच्या गड्ड्या माळ्यावर पडून हायत. एक चौकट म्हणजे ताण्याचा (उभा) एक धागा आणि बाण्याचा (आडवा) एक धागा जिथं मिळतो ती जागा. चौकट भरली की मागाच्या कार्डाला भोक. मी आणि माझा भाऊ त्याच ग्राफवर डंजन (खेळातलं भुयार) काढतो. भिंत भरलेली, वाट कोरी.

पण एक ध्यानात ठेवा. या ग्राफच्या चौकटी चौरस नसतात बऱ्याचदा. इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती त्या प्रमाणात लांबट असतात. म्हणून विणल्यावर मोर मोरासारखा दिसतो. पाच फुटाची चौकट धरून लढाई लावली तर एका दिशेला माणूस जास्त पळतो. आमच्याकडं यावरनं भांडण झालंय.

पुणेरी_पाटी
म्हणजे नकाशाची चादर विणून मिळेल? मी घेतो. थंडीत उपयोगी, सेशनला उपयोगी.

जकार्डवाला
@पुणेरी_पाटी मिळंल की. पण एका नगासाठी कोण कार्ड पंच करणार दादा? लॉटच काढावा लागतो. शंभर डीएम गोळा करा.

धनंजय_डीएम
पहिल्या पोस्टमधल्या "कधीही सरस" ला माझा विरोध. सर्व्हेअरने नकाशा साहसासाठी काढलेला नाही, सारा वसुलीसाठी आणि तोफा न्यायला काढलाय. मे १८१८ मध्ये इंग्रजांचा सेनापती मन्रो याने सोलापूरचा किल्ला घेतला. त्या इंग्रज-मराठा युद्धावर ब्लॅकरचं पुस्तक १८२१ मध्ये आलं, त्यात लढायांचे आणि वेढ्यांचे नकाशे आहेत. असे नकाशे पाहा. खंदक, तट, तोफांच्या जागा बारकाईने. आतली वस्ती बहुधा नुसते ठोकळे. काढणारा बाहेर उभा होता, त्याला आत शिरायचं होतं, राहायचं नव्हतं.

मी याचा उपयोग करतो, पण वेगळ्या तऱ्हेने. असा नकाशा खेळाडूंच्या हातात देतो, शत्रूच्या छावणीत सापडला म्हणून. बाहेरचं सगळं खरं, आतलं सगळं कोरं. आपल्या भुईकोटाला एका अंगाला सिद्धेश्वर तळं आणि बाकी अंगांना खंदक. तीन बाजूंनी खंदकाशी झटापट करायची की रात्री तळ्यातून पोहत जायचं, यावर माझ्या टेबलावर जी चर्चा झाली ती कुठल्याही तयार साहसात झाली नव्हती.

इमारतींच्या आतलं हवं असेल तर शहरांचे नकाशे बघा. नोलीचा १७४८ चा रोमचा नकाशा. त्यात चर्चसारख्या सार्वजनिक इमारती आतून उघड्या दाखवल्यात, खासगी घरं भरीव काळी. चोरांच्या मोहिमेला याहून चांगलं काही नाही, कुठे सहज शिरता येईल ते दिसतंच. अमेरिकेतले सॅनबॉर्नचे आगविम्याचे नकाशेही तसेच, भिंत विटेची की लाकडाची इथपर्यंत माहिती. आग लावणारे खेळाडू असतील तर (सगळेच असतात) फार उपयोगी.

नकाशेबाज
@धनंजय_डीएम मान्य. आणि उसनवारी या छंदात पहिल्यापासूनच आहे. १९७४ च्या मूळ डी अँड डीमध्ये रानातल्या भटकंतीसाठी आउटडोअर सर्व्हायव्हल या १९७२ च्या बोर्डगेमचा पट वापरायला सांगितला होता.

बुरूजावरून
नळदुर्ग कुणी घेतलं नाही अजून? बोरी नदीवर धरण, धरणाच्या पोटात पाणी महाल, पावसाळ्यात डोक्यावरून नर-मादी धबधबे कोसळताहेत आणि आत तुम्ही कोरडे उभे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलंय. डंजन म्हणून लिहिलं असतं तर डीएमने अती केलं म्हणाले असते.

फक्त वरून पाहिलेला आराखडा इथे निकामी आहे. धरणाची सगळी गंमत उंचीत आहे. उभा छेद काढा. पाण्याची पातळी पेन्सिलीने दाखवा आणि दर तासाला पुसून वर सरकवा. उपळी बुरूज पहाऱ्याला ठेवा. उंच आहे, तिथून सगळं दिसतं, म्हणजे तिथला पहारेकरी आधी गाठावा लागतो.

कडक_भाकरी
अवांतर: सेशनला खायला काय ठेवता? आमच्याकडे डिस्को भजीवर बंदी घातली. तेलकट बोटांचे ठसे नकाशावर उमटून एका गावाचं नावच गेलं. आता त्या गावाला सगळे डागवाडी म्हणतात, मोहिमेत राजधानी झालीय.

होटगी_लोकल
शेंगा चटणी आणि कडक भाकरी. भाकरीचे तुकडे टोकन म्हणून चालतात. मेलेला राक्षस खाता येतो.

रात्रपाळी
शहराची मोहीम करायची तर विसाव्या शतकातला गिरणीच्या काळातला नकाशा घ्या. गिरण्या, चाळी, पेठा, स्टेशन. सेटलमेंटच्या तारेच्या आत चोरांची टोळी ठेवा, तयार अड्डाच आहे.

तारेपलीकडची
@रात्रपाळी, दादा, हे नका करू. माझे आजी-आजोबा त्या तारेच्या आत राहिलेत. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. जन्माने गुन्हेगार ठरवून माणसं कुटुंबासकट आत टाकली, हजेरी लावली, गिरणीत कामाला जुंपली. १९५२ मध्ये कायदा गेला, वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच आहे. जुन्या नकाशावर इंग्रजाने जे लिहून ठेवलं ते तुम्ही खेळात जसंच्या तसं उचललं तर त्याचंच काम पुढे चालवताय.

मीही खेळते. माझ्या मोहिमेत ती तार आहे. फरक एवढाच की खेळाडू आतले आहेत. रात्रीच्या हजेरीच्या आत बाहेर जाऊन परत यायचं. घड्याळ चालू. इतकी घट्ट मोहीम मी दुसरी चालवलेली नाही.

रात्रपाळी
ताई, तुमचं वाचून गप्प झालो. तुमची मोहीम खेळायला जागा आहे का?

तारेपलीकडची
आहे एक. अशोक चौकाजवळ, शुक्रवारी रात्री. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वीसफासा
@तारेपलीकडची हे माझ्या डोक्यात नव्हतं. काय पुसायचं या प्रश्नात मी फक्त अक्षरांची गर्दी धरून चाललो होतो. आता गॅझेटिअरमधली जातीजमातींची वर्णनं खेळात अजिबात घेणार नाही. जमीन, पाणी, रस्ते तेवढे घेतो.

सीमेवरचा
जमिनीबरोबर हद्दीही घ्या, त्यांत खरा मसाला आहे. स्वातंत्र्याआधीचा जिल्हा बघा. ब्रिटिश मुलूख, निजामाचा मुलूख, अक्कलकोट संस्थान, सगळं एकमेकांत घुसलेलं. बार्शी तालुका तर जवळजवळ चहूबाजूंनी निजामाच्या हद्दीत. एका राज्यात गुन्हा करून दुपारपर्यंत दुसऱ्यात. शिपायांनी हद्दीवर थांबायचं की नाही, जकात कुणाला द्यायची, नाणं कुठलं चालणार. राक्षस नसलेली मोहीम करायची असेल तर याच्यासारखा नकाशा नाही. नावं मात्र बदला, नाहीतर कुणीतरी इतिहासाची पुस्तकं काढून डीएमला चूक ठरवतं आणि खेळ तिथेच थांबतो.

माणदेशी
चकव्याचं कुणी बोललं नाही? वाट चुकण्याच्या फाशाला आम्ही चकवा नाव दिलंय. फासा पडला की डीएम गुपचूप नकाशाची दिशा फिरवतो. खेळाडूंना वाटतं पूर्वेला चाललोय. सकाळी तेच बाभळीचं झाड.

यासाठी पेशवाईतले मोडी नकाशे पाहा. मापाची पट्टी नाही, डोंगर-देवळं उभी काढलेली, नावं चारी दिशांना वळलेली, अंतर कोसात. नकाशा फिरवत फिरवतच वाचावा लागतो. तशा धाटणीचा कागद करून खेळाडूंना द्या आणि मापातला सर्व्हेचा नकाशा आपल्या पडद्यामागे ठेवा.

भीमाकाठ
मी खेळत नाही, मुलगा खेळतो. त्याने धागा दाखवला म्हणून लिहितेय. आमचं मूळ गाव करमाळ्याकडचं, उजनीत गेलं. धरण १९८० मध्ये पुरं झालं. मुलाने त्याआधीचं एक इंची पत्रक कुठून तरी मिळवलं, त्यात आमचं गाव, ओढा, मारुतीचं देऊळ, नदीचा उतार, सगळं जागेवर. त्याच्या खेळात तलाव आटतो आणि गावं वर येतात. पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं, ते आम्ही पाहिलंय, त्यावरून सुचलं त्याला. मला त्याने विचारलं, कुणाचं घर कुठे होतं. नकाशात घरं नव्हती. मी सांगत गेले आणि तो काढत गेला. त्याचे मित्र आता फोन करून विचारतात, काकू, देवळामागे काय होतं. मी मुद्दाम अर्धंच सांगते.

नकाशेबाज
@भीमाकाठ काकू, तुम्ही खेळत नाही असं कोण म्हणतं? पडद्यामागे बसलेल्या डीएमचं काम दुसरं काय असतं?

फ्लेक्सबहाद्दर
छपाईचं राहिलंच. घरच्या प्रिंटरवर ए-फोरचे तुकडे काढून चिकटवू नका, जोडावर चौकटी हलतात. फ्लेक्सवाल्याकडे जा. दर चौरस फुटाने असतो, कागदी पोस्टरपेक्षा स्वस्त, आणि पाणी सांडलं तरी पुसून घ्या. डोळ्यासमोर ठेवायचाय म्हणून १०० डीपीआय तरी द्या. चौकट बरोबर एक इंचाची हवी असेल तर फाइलसोबत मोजपट्टी छापायला सांगा, ते लोक जागा भरायला चित्र ताणतात.

आणि फुकटात हवा असेल तर वाढदिवसाचे फ्लेक्स उतरवतात त्या दिवशी मांडववाल्याला भेटा. मागची बाजू पांढरी. मार्करने जाळी मारा. आमच्या रणभूमीच्या खाली एक भावी नगरसेवक हात जोडून उभे आहेत.

होटगी_लोकल
पालथा केला की तोच शेवटचा राक्षस!

वीसफासा
मंडळी, ठरलं असं: पाव इंची पत्रक, बार्शी आणि नळदुर्ग दोन्ही येतील असा तुकडा, १८६० च्या आधीचा काळ म्हणजे रेल्वे नको. नद्या, विहिरी, वाटा नव्याने रेखाटून घेणार, गावांची नावं बदलणार, हद्दी ठेवणार. विक्रीचं नंतर, आधी खेळून बघतो. खेळाडूंसाठी मोडी धाटणीचा कागद करायचाय, इथे कुणाला बरं मोडी लिहिता येतं का? आणि @जकार्डवाला, चौरस चौकटींचा ग्राफ असेल तर चार पानं मिळतील का?

जकार्डवाला
हायत. टेरी टॉवेलच्या गड्डीत बघतो. रविवारी येतोच, पण मला लढणारा नको, वाटाड्या द्या.

तळ्याकाठचा
मोडी मला येतं. कागद पाठवा. गावांची बदललेली नावं आधी पक्की करा, डागवाडी मी लिहिणार नाही.

कडक_भाकरी
डागवाडीशिवाय नकाशा अपूर्ण आहे. निषेध.